टीपॉयची तिसरी फळी

लातूरच्या आमच्या घरातल्या माळ्यावर बारा वर्षे उलटा पडून असलेला टीपॉय मी गेल्या वैशाखात खाली उतरवला, तेव्हा तो दुरुस्त करण्याचा कोणताही विचार माझ्या मनात नव्हता. माळा रिकामा करायचा होता आणि भंगारवाल्याला लाकूड नको होते, एवढेच. अंगणात ठेवताना त्याचा एक कोपरा पायरीला आपटला, चॉकलेटी ऑइल पेंटचा टवका उडाला आणि आतून आधी आकाशी, मग हिरवा असे आणखी दोन रंग दिसले. त्या हिरव्या रंगाची कड नखाने खरवडली, तर खाली गुळाच्या पाकासारखे तांबूस चकाकणारे लाकूड होते. निवृत्तीनंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात माणसाला असे काही दिसले की त्याचे काय होते, ते निवृत्तांना सांगायला नको.

टीपॉय या शब्दाचा चहाशी काही संबंध नाही. आपल्याकडची तिपाई इंग्रजांनी उचलली, तिच्यातल्या ‘ति’चा त्यांनी ‘टी’ केला आणि मग त्यावर चहा ठेवून तो शब्द आपल्याला परत केला. आमच्या तिपाईला पाय चार आहेत. माझे सासरे औसा तालुक्यातल्या गावी राहत असताना त्यांनी तो गावच्या सुताराकडून करून घेतला होता आणि लाकूड किनवटच्या जंगलातले सागवान आहे, असे सासूबाई आजही ठामपणे सांगतात. वर तीन फळ्या, खाली कातीव पाय आणि पायांना जोडणाऱ्या चार पट्ट्या, अशी त्याची साधी रचना आहे. घरात लग्न निघाले की दारे-खिडक्या रंगवायच्या आणि डब्याच्या तळाशी उरलेला रंग टीपॉयला फासायचा, ही घराची रीत होती. त्यामुळे हिरवा रंग नणंदेच्या लग्नातला, आकाशी माझ्या लग्नातला आणि चॉकलेटी धाकट्या दिरांच्या लग्नातला, हा हिशेब सासूबाईंनी एका दमात सांगितला.

रंग काढायला बसण्यापूर्वी एक गोष्ट ध्यानात घेणे आवश्यक होते. जुन्या ऑइल पेंटमध्ये शिसे असण्याची शक्यता मोठी असते. घरगुती रंगांतील शिशाचे प्रमाण दशलक्ष भागांत ९० भागांवर रोखणारा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि हे तिन्ही रंग त्याच्या कितीतरी आधीचे होते. असा रंग कोरडाच घासला की त्याची धूळ श्वासावाटे आत जाते आणि अंगणात खेळणाऱ्या लहान मुलांच्या हातातोंडाशीही पोहोचते. पेटत्या दिव्याने रंग जाळून खरवडण्याची रंगाऱ्यांची जुनी पद्धतही मी त्याच कारणाने बाद केली. कॉस्टिक सोड्याचे दाट पाणी लावून रंग उतरवता येतो आणि ते सर्वांत स्वस्त पडते. पण सोडा सागवानाला काळपट करतो, आणि तो लाकडातून पूर्ण निघून जाण्यासाठी बादल्यांमागून बादल्या पाणी ओतावे लागते. ज्या शहराला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या शहरात वैशाखात टीपॉय धुण्यासाठी दहा बादल्या पाणी वापरणे मला शक्य नव्हते. राहिला पेंट रिमूव्हर. हार्डवेअरच्या दुकानातून मी एक लिटरचा डबा, रुंद पात्याची पट्टी आणि जाड हातमोजे आणले.

पहिल्या दिवशी मी जी चूक केली, ती सांगताना मला आजही संकोच वाटतो, कारण मी ३१ वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवले आहे. दुपारी जेवणे आटोपल्यावर, घर शांत असताना, मी अंगणातल्या पत्र्याच्या सावलीत ब्रशने रिमूव्हरचा थर दिला आणि सांगितल्याप्रमाणे वीस मिनिटे थांबले. रंगाला सुरकुत्या पडायला हव्या होत्या. पण वरचा थर नुसताच खरबरीत झाला आणि वाळून गेला. पुन्हा थर दिला, पुन्हा तेच झाले. पाऊण डबा संपल्यावर मी डब्यावरची बारीक अक्षरे वाचली. त्यातला मुख्य घटक डायक्लोरोमिथेन होता. हा द्रव साधारण ४० अंश सेल्सिअसला उकळतो, आणि त्या दिवशी लातूरचे तापमान ४१ अंश होते. मी लावत असलेला रिमूव्हर रंगात मुरण्याऐवजी हवेत उडून जात होता आणि तो मी श्वासातून घेत होते. या द्रवाच्या वाफेचा काही भाग शरीरात कार्बन मोनॉक्साइडमध्ये बदलतो, हेही मला ठाऊक होते. संध्याकाळभर डोके जड राहिले. साधे रबरी हातमोजेही या द्रवाला फार वेळ अडवू शकत नाहीत, याचा पुरावा म्हणून दोन बोटांच्या पेरांवर आग होत होती.

दुसऱ्या दिवसापासून मी पहाटे साडेपाचला काम सुरू केले. नवा डबा आणला होता. या वेळी रिमूव्हर जाड थराने आणि एकाच दिशेने लावला, त्यावर लगेच प्लास्टिकचा कागद अंथरला आणि वाऱ्याबरोबर वाफा अंगावर येणार नाहीत अशा बाजूला बसण्याची खबरदारी घेतली. वीस मिनिटांनी कागद उचलला, तेव्हा चॉकलेटी आणि आकाशी रंग सायीसारखे एकत्र गोळा होऊन सुटले होते. पट्टीचे दोन्ही कोपरे कानसीने आधीच गोल करून घेतले होते, त्यामुळे लाकडाला ओरखडे गेले नाहीत. हिरव्या रंगासाठी मात्र दुसरा हात द्यावा लागला. कातीव पायांच्या खाचांत पट्टी जात नव्हती. तिथे सुतळी रिमूव्हरमध्ये बुडवून, पायाभोवती वेढा देऊन, ताक घुसळताना रवीची दोरी ओढतात तशी दोन्ही हातांनी ओढली. हा प्रकार इतका समाधानकारक होता की चार पायांना मी दोन सकाळी घेतल्या. निघालेला रंग ओलाच वर्तमानपत्रात गुंडाळून वेगळ्या पिशवीत भरला. रिमूव्हर लवकर उडू नये म्हणून त्यात मेण मिसळलेले असते आणि ते लाकडावर तसेच राहिले तर पुढचे पॉलिश धरत नाही. म्हणून शेवटी सर्व भाग टर्पेंटाइनच्या फडक्याने दोनदा पुसले.

पुसता पुसता मला एक विसंगती दिसली. दोन फळ्यांवर हिरव्या रंगाच्या खाली जुन्या पॉलिशचा तांबूस, काचेसारखा थर होता. त्यामुळे रंग वरच्या वर सुटला होता. तिसऱ्या फळीवर पॉलिशचा मागमूस नव्हता. तिथे हिरवा रंग थेट लाकडाच्या छिद्रांत उतरला होता आणि काही केल्या निघत नव्हता. लाकडाचा रंगही निराळा, अधिक लालसर होता. मला वाटले, रिमूव्हरने काही बिघडवले.

एका पायाचे कुसू, म्हणजे सांध्याच्या खाचेत बसणारे टोक, सैल झाले होते, त्यासाठी गल्लीतल्या सुतारमामांना बोलवायचेच होते. ते सकाळी आले, टीपॉयभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, “ताई, रंग उतरवलाव चांगला, पण ही फळी सागवानाची न्हाई. लिंब हाय हा.” आमच्याकडे कडुनिंबाला नुसता लिंब म्हणतात. मी विश्वास ठेवीना, तेव्हा त्यांनी फळीच्या खालच्या, बिनरंगाच्या बाजूवर काचेचा तुकडा चालवून थोडा भुसा काढला आणि “जिभंला लावून बघा की” म्हणाले. लावला. कडू होता. सागवानाचा भुसा हातावर घेतला तर त्याला जुन्या चामड्यासारखा वास येतो आणि लाकूड बोटाला किंचित तेलकट लागते. त्यावर वर्षावर्षाची वलये स्पष्ट दिसतात. लिंबाच्या लाकडात ती तशी उठून दिसत नाहीत.

सासूबाई दारात खुर्ची टाकून हे सर्व ऐकत होत्या. “मग, लिंबच आहे तो,” त्या म्हणाल्या. “ज्वारीचं पोतं उतरवताना हमालाच्या हातून टीपॉयवर पडलं अन् मधली फळी मोडली. त्याच साली वादळात वाड्यातला लिंब पडला होता. पोरीचं लग्न तोंडावर, सागवान कुठून आणायचं?” त्या पडलेल्या लिंबाच्या चौकटीसाठी फळ्या कापून झाल्यावर उरलेली एक फळी टीपॉयला बसवली आणि दोन जातींचे लाकूड पाहुण्यांना दिसू नये म्हणून वरून हिरवा रंग दिला. ज्या रंगाला मी आठवडाभर हौसेचा आणि निष्काळजीपणाचा रंग म्हणून नावे ठेवत होते, तो झाकण्यासाठी दिलेला होता, आणि आता तो मी काढून टाकला होता. “आधी विचारलं असतंस तर सांगितलं असतं,” असेही त्या म्हणाल्या. पण हे वाक्य त्या बहुतेक गोष्टींबद्दल म्हणतात.

पायाच्या सांध्याचे काम मामांनी केले आणि ते पाहण्यासारखे होते. फेव्हिकॉल बाजारात आले १९५९ साली. त्याआधी, आणि खेड्यापाड्यांत त्यानंतरही बरीच वर्षे, सुतार जनावरांच्या कातड्या-हाडांपासून केलेला सरस उकळून वापरत. सरस गरम पाण्याने पुन्हा मऊ होतो, हा त्याचा दोष मानला जातो; दुरुस्ती करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो मोठा गुण आहे. मामांनी सांध्यातली बांबूची मेख ठोकून बाहेर काढली, उकळत्या पाण्यात भिजवलेले फडके सांध्याभोवती गुंडाळले, दहा मिनिटांनी लाकडी हातोडीने दोन ठोके दिले आणि पाय सुटून हातात आला. फेव्हिकॉलने जोडलेला पाय असा अखंड निघाला नसता. जुना सरस गरम पाण्याने आणि ब्रशने पूर्ण धुऊन काढला, लाकूड एक दिवस वाळू दिले, मग पाय नव्याने चिकटवला, बांबूची नवी मेख मारली आणि चारही पायांभोवती दोरी बांधून तिच्यात काठी घालून पीळ भरला. शिकंजा नसेल तर दोरी आणि काठी पुरते. तो पीळ चोवीस तास तसाच ठेवला.

घासण्याचे काम माझ्याकडे आले. त्यातही आधी काच. खिडकीच्या फुटक्या काचेचा सरळ कडेचा तुकडा दोन्ही हातांनी किंचित कलता धरून अंगाकडे ओढला की जुन्या पॉलिशची आणि लाकडाची केसाएवढी पातळ साल निघते. सागवानात सिलिका असते आणि तिच्यामुळे पोलादी हत्यारांची धार लवकर जाते; काच बोथट झाली तर नवा तुकडा घ्यायचा, शिवाय जुन्या घरात फुटक्या काचांना तोटा नसतो. लिंबाच्या फळीवर मात्र ही युक्ती चालली नाही. त्या लाकडाचे तंतू पट्ट्यापट्ट्याने उलटसुलट दिशांनी गेलेले असतात, त्यामुळे एका पट्ट्यावर गुळगुळीत चालणारी काच शेजारच्या पट्ट्यावर तंतू उपसते. ती फळी संपूर्णपणे पॉलिश पेपरनेच घासावी लागली, आणि रंग उरलेल्या भागांवर तो पेपर ओला करून चालवावा लागला. आधी ८० नंबर, मग १२०, १८० आणि शेवटी २२०. मधला नंबर गाळला तर आधीच्या पेपरचे ओरखडे तसेच राहतात आणि ते पॉलिश दिल्यावरच दिसतात, तेव्हा उपाय उरत नाही. २२० झाल्यावर ओल्या फडक्याने लाकूड पुसायचे, उठलेले तंतू वाळू द्यायचे आणि तोच पेपर पुन्हा एकदा हलक्या हाताने फिरवायचा. जुन्या खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक आम्लाच्या द्रावणाने गेले. हे आम्ल विषारी आहे. त्याची वाटी स्वयंपाकघरात परत नेऊ नये.

लिंबाची फळी आणि तिच्या शेजारची सागवानी फळी यांच्यामध्ये रुपयाचे नाणे उभे जाईल एवढी फट होती. मी खडूची भुकटी, गेरू आणि रामरज (पिवळी माती) चपड्यात, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत, कालवून लांबी (भोके बुजवण्याचा लगदा) तयार केली होती, खिळ्यांची भोके त्यानेच बुजवली होती आणि तीच या फटीतही भरायला निघाले होते. मामांनी हात धरला. “आत्ता भरलाव तर आखाडात फळी कुठं जाईल?” वैशाखात मराठवाड्यातल्या कोरड्या हवेने लाकूड आटते, पावसाळ्यात ते फुगते, आणि सागवानापेक्षा लिंब अधिक हलतो. उन्हाळ्यात फट टणक लांबीने भरली, तर पावसाळ्यात फुगणाऱ्या फळीला जागा राहत नाही आणि ती मधून उचलली तरी जाते किंवा शेजारच्या फळीचा सांधा तरी उकलते. त्यांनी उलट त्या फळीच्या खालच्या स्क्रूंची भोके लांबट करून दिली, म्हणजे ती आडवी सरकू शकेल.

आता प्रश्न पॉलिशचा होता. मामांचे म्हणणे होते की लिंबाला रंग चढवून सागवानासारखे करू. खालच्या बाजूला वीतभर जागेत करून पाहिले. उलटसुलट तंतूंनी रंग कमीजास्त प्यायला आणि फळीला कोड आल्यासारखे दिसू लागले. दुकानदाराने पीयूचा, म्हणजे पॉलियुरेथेनच्या पॉलिशचा, आग्रह धरला. तो टिकाऊ आहे, चहाच्या गरम कपाला दाद देत नाही, हे खरे. पण त्यावर ओरखडा उठला तर तेवढाच भाग दुरुस्त करता येत नाही, सगळा थर काढावा लागतो, आणि माझे रंग उतरवण्याचे कौतुक एव्हाना संपले होते. मी चपड्याचे जुने पॉलिश निवडले. लाखेचे किडे ज्या झाडांवर वाढतात त्यांत पळस प्रमुख आहे. पळस आपल्याकडे माळामाळावर फुलतो. लाख मात्र झारखंड-छत्तीसगडकडून येते. बाजारात पांढरी, रंग काढलेली लाखही मिळते, पण मी मुद्दाम साधा नारिंगी चपडा घेतला. त्याच्या मधाळ रंगाने दोन्ही लाकडे एकमेकांच्या जवळ येतील, असा माझा अंदाज होता.

एक लिटर स्पिरिटला १५० ग्रॅम चपडा घेऊन लोणच्याच्या रिकाम्या चिनी मातीच्या बरणीत रात्रभर भिजवला आणि सकाळी मलमलीतून गाळला. लोखंडी भांडे वापरले तर चपडा काळा पडतो. हे द्रावण लागेल तेवढेच करावे, कारण लाखेतली आम्ले आणि स्पिरिट यांची आपसात अभिक्रिया हळूहळू चालूच असते आणि वर्षभर ठेवलेले पॉलिश कितीही थांबले तरी कडक वाळत नाही, चिकटच राहते. कापसाचा गोळा जुन्या सुती धोतराच्या तुकड्यात बांधून बोळा केला. तो इतकाच ओला हवा की अंगठ्याने दाबल्यावर ओल वर दिसावी, गळू नये. हात कायम फिरता ठेवायचा. बोळा क्षणभर थांबला तरी ताजे स्पिरिट खालचा थर विरघळवते आणि तिथे वण उठतो. आमच्या उन्हाळ्यात स्पिरिट इतक्या झपाट्याने उडते की बोळा दोन मिनिटांत ओढ धरू लागतो. त्यावर उपाय म्हणजे बोळ्याच्या तोंडाला जवसाच्या तेलाचा एक थेंब. हे तेल मात्र जपून वापरायचे. हवेतला प्राणवायू घेऊन ते वाळते आणि त्या क्रियेत उष्णता निघते. तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती उष्णता आत कोंडते आणि फडकी आपोआप पेटू शकतात. मी ती तारेवर एकेक सुटी वाळत घातली, तेव्हा शेजारच्या काकूंनी कसले लुगडे फाडले म्हणून विचारले.

चार सकाळींत नऊ हात झाले. मृग लागायच्या आत काम संपवायचे होते, कारण दमट हवेत स्पिरिट उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर बाष्प धरते आणि पॉलिश पांढुरके होते. तरीही ३ जूनच्या संध्याकाळी वळवाचा पाऊस आला आणि सकाळी दिलेला शेवटचा हात समाधानकारक वाटला नाही म्हणून मी घाईने दिलेला दहावा हात दुधासारखा पांढरा पडला. दुसऱ्या दिवशी दुपारी, ऊन चढल्यावर, नुसत्या स्पिरिटचा जवळजवळ कोरडा बोळा हलकेच फिरवला आणि ती साय निघून गेली.

लिंबाची फळी लपली नाही. नारिंगी चपड्याने ती सागवानाच्या जवळ आली, पण खिडकीतून तिरपा प्रकाश पडला की तिच्यावरचे पट्टे रेशमी कापडासारखे एकदा उजळ, एकदा गडद दिसतात, आणि तिच्या छिद्रांत काही ठिकाणी हिरव्या रंगाचे टिपके अजून आहेत. सासूबाईंनी ते पाहून तिच्यावर टेबलक्लॉथ घालायला सांगितला. मी घातला नाही. पंधरा दिवसांनी त्यांनीच चहाचा गरम पेला त्या फळीवर ठेवला आणि पांढरे कडे उमटले. ते स्पिरिटच्या बोळ्याने पाच मिनिटांत गेले.

श्रावणात, आठ दिवस झड लागल्यावर, मी फट पाहिली. वैशाखात जिच्यात रुपयाचे नाणे उभे जात होते, तिच्यात आता पोस्टकार्डही शिरत नव्हते.